डाकेने आलेली माती आणि बुरशीवरचे पहिले औषध

१९४०च्या दशकात पेनिसिलिन आले, पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन आणि ऑरिओमायसिन आले. न्यूमोनिया, जखमेतला पू, बाळंतपणातला ताप, क्षय असे ज्यांच्यापुढे डॉक्टर हात टेकत, ते आजार आटोक्यात येऊ लागले. पण या औषधांच्या मागोमाग एक वेगळीच तक्रार वाढू लागली. औषधाने ताप उतरलेला असे, आणि त्याच बाईला योनिमार्गात असह्य खाज सुटलेली असे. दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव, लालसर सूज, लघवी करताना आग. कुणाच्या तोंडात पांढरे चट्टे उठत, कुणाचे पोट बिघडे. जिवाणू मेले होते आणि त्यांची रिकामी झालेली जागा बुरशीने घेतली होती.

या बुरशीवर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. जेन्शन व्हायोलेटचे जांभळे पाणी कापसाने आतून लावत. त्याने काहींना बरे वाटे, काहींची आग वाढे, आणि कपडे मात्र सगळ्यांचेच कायमचे डागाळत. त्यातून हा आजार जीव घेणारा नव्हता आणि तो सांगायचीही लाज. त्यामुळे त्यावर औषध शोधायची घाई कुणाला नव्हती.

ते औषध शेवटी शोधले न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरी करणाऱ्या दोन स्त्रियांनी. त्यातली एक एलिझाबेथ ली हेझन. बुरशीच्या शिकारीला त्या निघाल्या तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

एलिझाबेथचा जन्म २४ ऑगस्ट १८८५चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या रिच नावाच्या खेड्यातला. घरी कापसाची शेती. ती चार वर्षांची होण्याआधीच आईवडील दोघेही गेले. ती आणि बहीण ॲनिस काही दिवस आजीकडे राहिल्या, मग जवळच्याच लुला गावी काका-काकूंनी त्यांना वाढवले. काकांनी पुतण्यांच्या शिक्षणात हात आखडता घेतला नाही. मुलींसाठी निघालेल्या राज्याच्या कॉलेजातून १९१०मध्ये एलिझाबेथ विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली आणि जॅक्सन शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवू लागली. अशा बहुतेक मुलींची गोष्ट तेव्हा इथेच संपायची.

१९१६मध्ये हेझन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि पुढच्याच वर्षी जिवाणूशास्त्रात एम.एस. झाल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याच्या निदान प्रयोगशाळांमध्ये काम केले, नंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रुग्णालयाची प्रयोगशाळा सांभाळली. मग पुन्हा कोलंबिया. एरंडाच्या बियांतल्या रिसिन या विषावर प्रबंध लिहून त्यांनी १९२७मध्ये पीएच.डी. मिळवली, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या.

१९३१मध्ये त्या न्यूयॉर्क राज्य आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळा विभागात रुजू झाल्या. काम होते निदानाचे. डॉक्टरांनी पाठवलेल्या नमुन्यात कोणता जंतू आहे, तो कुठून आला, हे सांगायचे. ब्रश बनवणाऱ्या एका कारखान्यापर्यंत माग काढून त्यांनी अँथ्रॅक्सच्या साथीचे मूळ शोधले. परदेशातून आलेल्या डबाबंद मासळीत बॉट्युलिझमचे ई प्रकारचे विष उत्तर अमेरिकेत प्रथम त्यांनी ओळखले. अशा कामाची बातमी क्वचितच होते. सार्वजनिक आरोग्य खात्याचा अर्धा संसार मात्र अशाच कामावर चालतो.

१९४४मध्ये विभागप्रमुख ऑगस्टस वॉड्सवर्थ यांनी त्यांच्यावर नवी जबाबदारी टाकली, बुरशीजन्य रोगांची. हेझन एकोणसाठ वर्षांच्या होत्या. त्यांनी पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे ठरवले आणि कोलंबियात ऱ्होडा बेनहॅम यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बुरशीशास्त्र शिकल्या. बेनहॅम यांचा अभ्यास नेमका त्याच बुरशीवर होता जिला तेव्हा अनेक डॉक्टर मोनिलिया म्हणत आणि जिचे आजचे नाव कँडिडा. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बुरश्यांमधून रोग करणारी कँडिडा अल्बिकन्स वेगळी कशी काढायची, हे तिथे शिकण्यासारखे होते. हेझन यांनी बुरशांच्या काचपट्ट्यांचा आणि जिवंत नमुन्यांचा संग्रह उभा केला. डॉक्टरांकडून नमुना आला की त्याच्याशी ताडून ओळख पटवायची.

ओळख पटली, तरी पुढे काय? नाव कळवून डॉक्टरला देण्यासारखे औषध नव्हते, ही अडचण रोजची होती.

बुरशीवर औषध शोधणे जिवाणूंवर औषध शोधण्यापेक्षा अवघड का, हे समजले की पुढच्या कामाची किंमत कळते. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते. तिच्या भिंतीवर घाव घातला तर आपल्याला इजा होत नाही, कारण आपल्या पेशीला तशी भिंतच नाही. बुरशी मात्र नात्याने आपल्या जवळची. तिच्या पेशीत आपल्यासारखे केंद्रक आहे आणि आतला कारभारही बराचसा आपल्यासारखा. जे बुरशीला मारते, ते बहुधा माणसालाही मारते. बुरशी मारणारी द्रव्ये तेव्हाही ढीगभर होती. पण ती रोग्याच्या अंगाला लावायची म्हटली तर पंचाईत.

वॉड्सवर्थ यांच्यानंतर विभागाची सूत्रे गिल्बर्ट डॉलडॉर्फ यांच्याकडे आली. कॉक्सॅकी विषाणूचा शोध लावणारे तेच हे डॉलडॉर्फ. १९४८मध्ये त्यांनी हेझन यांची गाठ विभागाच्या ऑल्बनी प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञ रेचल फुलर ब्राऊन यांच्याशी घालून दिली. ब्राऊन तेरा वर्षांनी लहान. पैशाअभावी त्यांची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सात वर्षे रखडली होती, तरी त्या नोकरीत काम करत राहिल्या. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी सुमारे २४० किलोमीटरवर ऑल्बनीत. दोघींमधला दुवा होता टपाल खाते.

कामाची पद्धत अशी होती. ठिकठिकाणची माती हेझन यांच्याकडे यायची. मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्मजीव असतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो, त्याचे मोठे श्रेय त्यांचे. जागेसाठी आणि अन्नासाठी शेजाऱ्यांशी चाललेल्या झटापटीत ते नाना रसायने तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिन त्यांचेच, ऑरिओमायसिनही त्यांचेच. (ऑरिओमायसिन ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत सापडले, तिथल्या संशोधनाची धुरा तेव्हा आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.) हेझन हे सूक्ष्मजीव वेगळे काढून वाढवत आणि दोन बुरशांवर त्यांची परीक्षा घेत. एक कँडिडा अल्बिकन्स, दुसरी मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी क्रिप्टोकॉकस. एखाद्यात दम दिसला की त्याची वाढ लोणच्याच्या बरणीसारख्या काचेच्या बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला जायची. ब्राऊन वेगवेगळी द्रावके वापरून त्यातला गुणकारी अंश वेगळा करत आणि तो परत टपालाने न्यूयॉर्कला येई. हेझन तो पुन्हा त्या दोन बुरशांवर तपासत आणि मग उंदरांना देऊन बघत.

आणि उंदीर मरत. बुरशी मारणारे बहुतेक अंश उंदरालाही मारणारे निघत. बरणी बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची.

जी माती शेवटी फळाला आली, ती हेझन यांनी स्वतःच उचललेली होती. व्हर्जिनियात नॉर्स कुटुंबाचा गोठा आणि शेत होते. हेझन तिथे सुट्टीला गेल्या होत्या आणि येताना तिथली माती घेऊन आल्या. तिच्यातल्या सूक्ष्मजीवाला पुढे त्या कुटुंबाचेच नाव मिळाले, स्ट्रेप्टोमायसिस नॉर्साय. ब्राऊन यांनी त्यातून बुरशीनाशक पदार्थ काढले, ते दोन निघाले. एक विषारी होता आणि आधीच माहीत असलेला होता. दुसरा नवा होता, दोन्ही बुरशांना मारत होता आणि उंदरांना झेपत होता.

हा शोध त्यांनी १९५०मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या बैठकीत मांडला. आधी दिलेले फंगिसिडिन हे नाव दुसऱ्या कुणी वापरलेले निघाले, म्हणून नवे नाव आले निस्टॅटिन. त्यातली पहिली अक्षरे न्यूयॉर्क स्टेटची. सरकारी खात्याचे नाव असे औषधाच्या बाटलीवर कायमचे उमटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

निस्टॅटिन माणसाला का झेपते, याचा खुलासा पुढे झाला. प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असते. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात त्या जागी एर्गोस्टेरॉल. निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. आतला माल गळून जातो आणि बुरशी मरते. बहुसंख्य जिवाणूंच्या आवरणात यांपैकी काहीच नसते, म्हणून जिवाणूंना त्याचा उपद्रव नाही. योनिमार्गाच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आपले राखणदार आहेत. ते आम्ल तयार करतात आणि परक्यांना थारा देत नाहीत. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिनसारखी औषधे रोगाच्या जिवाणूंबरोबर या राखणदारांनाही मारतात, आणि एरवी तिथेच गुपचूप राहणारी कँडिडा माजते. निस्टॅटिन माजलेल्याला मारते आणि राखणदारांना हात लावत नाही.

मर्यादाही होती. शिरेतून दिले तर ते विषारी ठरे आणि तोंडाने घेतले तर आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नसे. त्यामुळे रक्तात किंवा मेंदूत पसरलेल्या बुरशीवर त्याचा उपयोग नव्हता. पण तोंड, आतडी, कातडी आणि योनिमार्ग इथे, जिथे औषध थेट पोचवता येते, तिथे त्याने काम केले. स्क्विब कंपनीने परवाना घेऊन १९५४मध्ये ते बाजारात आणले. योनिमार्गात ठेवायच्या निस्टॅटिनच्या गोळ्या एक लाख युनिटच्या असत आणि दोन आठवडे रोज रात्री एक ठेवायची असे. जांभळ्या पाण्याच्या मानाने केवढी सुटका.

महाराष्ट्राचाही या गोष्टीशी एक धागा जुळतो. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास त्याच वाटेने जाऊन पिंपरीच्या मातीतून हॅमायसिन शोधले. निस्टॅटिनच्याच घराण्यातले हे औषध. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

आज निस्टॅटिनची जागा बऱ्याच अंशी क्लोट्रिमॅझोल आणि फ्लुकोनॅझोल यांनी घेतली आहे. तीही एर्गोस्टेरॉलवरच नेम धरतात, फक्त ते तयारच होऊ देत नाहीत. साध्या त्रासाला क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या योनिमार्गात सहा-सात रात्री ठेवायच्या, किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने घ्यायची, एवढ्याने बहुतेक जणी बऱ्या होतात. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल तोंडाने घ्यायचे नाही, त्या वेळी सात दिवस आतून ठेवायचे औषधच योग्य. काही वेळा कँडिडा अल्बिकन्स नसतेच, तिची ग्लॅब्राटा नावाची बहीण असते आणि ती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. अशा वेळी डॉक्टर अजूनही निस्टॅटिनकडे वळतात.

पण औषधापेक्षा हेझन यांची पद्धत जास्त विसरली गेली आहे. त्या आधी ओळख पटवत आणि मग मारायला जात. आता उलटे चालते. अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, की औषधाच्या दुकानातून ट्यूब आणायची. त्या ट्यूबमध्ये अनेकदा बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, सूज ओसरते आणि बुरशी खाली वाढत राहते. शिवाय प्रत्येक पांढरे जाणे बुरशीचे नसते. घट्ट चोथ्यासारखा, फारसा वास नसलेला स्राव आणि खाज हे बहुधा कँडिडाचे. पातळ, करडा आणि मासळीसारखा वास असलेला स्राव असेल तर जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. हिरवट-पिवळा आणि फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संशय घ्यावा लागतो आणि तेव्हा नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. कँडिडात तसे सहसा लागत नाही, कारण हा मुळात संबंधातून जडणारा रोग नव्हे. ही गोष्ट किती घरांतली भांडणे वाचवू शकेल! स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणे ही दहा मिनिटांची तपासणी आहे.

वर्षातून तीन-चार वेळा हा त्रास होत असेल तर औषध बदलत बसण्याआधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेह आहे हे कित्येक जणींना या खाजेमुळेच कळते. मधुमेहावरची ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येते ती औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही हा त्रास वाढतो. तसे डॉक्टरांना सांगावे, गोळी आपली आपण बंद करू नये. आणि तुरटीचे पाणी, जंतुनाशक द्रव, सुगंधी साबण यांनी आतून धुण्याने राखणदार जिवाणू तेवढे वाहून जातात. बाहेरून साधे पाणी पुरते.

हेझन यांच्या हयातीत निस्टॅटिनने पैसा पुष्कळ मिळवला. एकस्व १९५७मध्ये मंजूर झाले आणि त्याची मुदत संपेपर्यंत मानधनापोटी १ कोटी ३४ लाख डॉलर जमा झाले. हेझन आणि ब्राऊन यांनी त्यातला एकही डॉलर स्वतःसाठी घेतला नाही. अर्धी रक्कम रिसर्च कॉर्पोरेशन या ना-नफा संस्थेकडून विज्ञानाच्या संशोधनासाठी गेली आणि उरलेल्या अर्ध्यातून ब्राऊन-हेझन निधी उभा राहिला. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि विशेषतः बुरशीशास्त्राच्या संशोधनाला त्याने वर्षानुवर्षे पैसा पुरवला. दोघी आपल्या सरकारी पगारावर राहिल्या. औषध शोधून गबर झालेल्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो, त्या तुलनेत ही फार कमी सांगितली गेली.

औषधाची वाट मग कुठल्या कुठे गेली. १९६६मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला महापूर आला आणि पाण्याने भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढू लागली, तेव्हा ती वाचवायलाही निस्टॅटिन वापरले गेले.

हेझन यांनी १९५५मध्ये फ्रँक कर्टिस रीड यांच्याबरोबर रोगकारक बुरशा प्रयोगशाळेत ओळखण्याचे सोपे हस्तपुस्तक काढले. औषध सापडल्यावरही ओळख पटवण्याचे काम त्यांनी सोडले नव्हते. त्या १९६०मध्ये निवृत्त झाल्या आणि मग कोलंबियाच्या त्याच बुरशीशास्त्र प्रयोगशाळेत पाहुण्या संशोधक म्हणून जाऊ लागल्या, जिथे त्या एकोणसाठाव्या वर्षी शिकायला गेल्या होत्या.

१९७३मध्ये आजारी बहिणीला भेटायला त्या सिॲटलला गेल्या आणि स्वतःचीच प्रकृती ढासळल्याने तिथेच राहिल्या. १९७५मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्सने पायोनियर पुरस्कार हेझन आणि ब्राऊन यांना मिळून दिला. हा पुरस्कार स्त्रियांना मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी २४ जूनला, नव्वदीला दोन महिने उरले असताना, हेझन यांचे सिॲटलमध्ये निधन झाले.